वास नेमका येतो कुठून? एका किट बॅगेची झाडाझडती

आमच्या क्रिकेट ग्रुपची सामायिक किट बॅग सीझन संपताना माझ्याकडे आली. स्टंप, बेल्स, बॉल मोजून ठेवायचे आणि पुढच्या मॅचला सगळं आठवणीने न्यायचं, एवढंच काम. पण बॅग ज्या खोलीत ठेवली त्या खोलीत घरातलं कुणी थांबेना. दार लावून घेतलं तर वास दाराखालून बाहेर. ग्रुपमध्ये या वासावर एकच उपाय चालत आला होता: चेन उघडायची, डिओ फवारायचा, घाईघाईने चेन लावायची. त्याने घामाच्या वासात अत्तराची भर पडायची, बाकी काही नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणायचे, "राहू दे रे, समोरची टीम त्या वासानेच गारद होते." शेरा चांगला होता, पण बॅग त्यांच्या घरी नव्हती.

सरसकट सगळं धुवायला काढण्याआधी वास कोणत्या वस्तूंतून येतो ते बघायचं ठरवलं. बॅग बाहेर मोकळ्यावर रिकामी केली आणि एकेक वस्तू हातभर अंतरावर मांडली. यात पहिली अडचण नाकाची. नाक फार लवकर सरावतं. चार-पाच वस्तू हुंगल्या की पुढचं सगळं सारखंच वाटायला लागतं, आणि ज्याच्या घामाचा वास आहे त्याला तर तो जवळपास येतच नाही. मी स्वतः कीपिंग करतो, म्हणजे माझी साक्ष ग्राह्य धरण्यासारखी नव्हतीच. म्हणून भाचीला बोलावलं. तिचं नाकही तिखट आणि तोंडही. "मामा, हे बूट आंबट. हे हेल्मेट… शी, नाकात झोंबतंय. आणि पॅडना ना, बरेच दिवस बंद असलेलं कपाट उघडल्यावर येतो तसला वास आहे."

तिने सहज बोलता बोलता माझं अर्धं काम केलं. आंबट, झोंबरा आणि कुबट असे तीन ढीग पडले. पुढे वाचत गेलो तसं कळलं की या तिन्ही वासांची कारणं वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगावर साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतल्या बहुतेक नुसतं खारट पाणी सोडतात, काखेसारख्या मोजक्या ठिकाणच्या ग्रंथींतून जरा दाट, स्निग्ध स्राव येतो. वास सुटतो तो हे सगळं खाऊन जगणाऱ्या जिवाणूंमुळे. तळपायावरचे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे जिवाणू घामातल्या ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, आणि बुटांचा आंबट वास मुख्यतः त्याचा. ब्रेव्हिबॅक्टेरियम नावाचे दुसरे जिवाणू पायाच्या मेलेल्या कातडीवर पोसतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. लिम्बर्गर चीजच्या उग्र वासामागे याच कुळातले जिवाणू असतात, त्यामुळे मोजे हुंगून कुणी 'चीज' म्हणालं तर ती काही अतिशयोक्ती नव्हे. झोंबणारा वास अमोनियाचा: घामात थोडा युरिया असतो, घाम साचून राहिला आणि जिवाणूंनी तो फोडला की अमोनिया सुटतो. कुबट वास मात्र ओलाव्याचा, सुकायला फार वेळ लागलेल्या कापडात आणि फोममध्ये वाढलेल्या बुरशीचा आणि जिवाणूंचा.

एवढं डोक्यात शिरलं की घरगुती उपायांतला कुठला कुठे चालेल हे आपोआप कळतं. बेकिंग सोडा किंचित अल्कधर्मी, तो आम्लाशी जुळून त्याचं न उडणारं मीठ करतो, म्हणून आंबट ढिगावर त्याचा खरंच उपयोग होतो. व्हिनेगर आम्ल, ते अमोनियाला गप्प करतं. कुबट ढिगावर या दोन्हींपैकी कशाचंही फारसं चालत नाही. आणि दोन्ही एकत्र ओतून जो फेस येतो तो बघायला छान असतो, पण तो नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं खारट पाणी. एक गोष्ट मात्र गमतीची नाही: व्हिनेगर आणि क्लोरीनवालं ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

कपड्यांवर फार वेळ घालवत नाही, कारण कपडे धुता येतात. पण पॉलिस्टरच्या जर्सीला धुतल्यावरही काखेत वास राहतो आणि अंगात घालून दहा मिनिटं पळालं की तो परत जागा होतो, हा अनुभव खेळणाऱ्या प्रत्येकाचा आहे. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. 26 जणांना सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावला, मग त्यांचे टीशर्ट काही काळ पिशवीत बंद ठेवून हुंगवले. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे कपडे जास्त उग्र निघाले, आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर विशेष फोफावलेले दिसले. पॉलिस्टर पाणी धरत नाही पण तेलकट अंश घट्ट धरून ठेवतं, आणि साध्या गार पाण्यातल्या धुण्याने तो निघत नाही. मी जर्सी उलटी करून एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवतो आणि मग मशीनला लावतो. उकळतं पाणी घ्यायचं नाही, एन्झाइम त्यात निकामी होतात. फॅब्रिक सॉफ्टनर बंद केला, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो, त्याखाली तेलकटपणा अडकतो आणि घाम शोषून बाहेर टाकण्याचा कापडाचा गुण जातो. क्लोरीन ब्लीच तर लांबच, ते ताणल्या जाणाऱ्या इलास्टेनच्या धाग्यांची वाट लावतं. पांढऱ्या कपड्यांना ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, चालतं.

खरी कसरत न धुता येणाऱ्या वस्तूंची. सगळ्यात वाईट अवस्था होती कीपिंग ग्लोव्हजची. पाठीवर चामडं, तळव्याला रबर, आत अस्तर आणि बोटांच्या टोकाशी हवा म्हणून जात नाही. बादलीत बुडवले तर चामडं कडक होतं आणि आतलं पॅडिंग सुकता सुकत नाही, म्हणजे वास घालवायला जाऊन कुबटपणा विकत घ्यायचा. एन्झाइमचं डिटर्जंट चामड्याला वर्ज्य, कारण त्यातलं प्रोटिएज प्रथिनं तोडतं आणि चामडं म्हणजे प्रथिनच. तेव्हा सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळलं, ते दोन बोटांवर गुंडाळलं आणि ग्लोव्हच्या एकेका बोटात शिरून आतून पुसून काढलं. पहिलं फडकं बाहेर आलं ते तपकिरी. मग साध्या पाण्याचं फडकं. शेवटी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कापूस फक्त अस्तरावरून फिरवला. 90 टक्क्यांच्या पुढचं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण ते पटकन उडून जातं. 70 टक्क्यांतलं पाणी त्याला थोडा वेळ टिकवतं आणि जिवाणूंची प्रथिनं मोडायला मदतही करतं. बाहेरच्या चामड्याला आणि रबराला अल्कोहोल लागू दिलं नाही, त्याने ते कोरडं पडून तडकतं.

त्यानंतर प्रत्येक बोटात वर्तमानपत्राच्या कागदाच्या सैल गुंडाळ्या घातल्या. तासा-दोन तासांनी अंगठ्यातली गुंडाळी ओढून काढली तर ती ओली, पिवळसर आणि ग्लोव्हपेक्षा जास्त घाणेरड्या वासाची. सुकला असं वरून वाटणारा ग्लोव्ह आत किती पाणी धरून बसतो ते त्या कागदाने दाखवलं. कागद बदलत राहिलो, गुंडाळी कोरडी बाहेर येईपर्यंत. मग ग्लोव्हज तोंड खाली करून पंख्यासमोर टांगले. भाची रोज येऊन हुंगायची आणि निकाल द्यायची, तिच्या मते शेवटी ते "चामड्याच्या दुकानातले" झाले. माझ्या दृष्टीने ती पदवीच.

बॅटिंग ग्लोव्हजचं दुखणं थोडं वेगळं. तळव्याचं मऊ चामडं घामाने भिजतं, सुकतं, परत भिजतं आणि प्रत्येक वेळी मीठ मागे ठेवतं. आमच्या एका जोडीचा तळवा पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता आणि बोटांच्या पेरांशी पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मिठाच्या त्या. ओलसर फडक्याने त्या पुसून, सावलीत सुकवून, चामड्याला लावायचं कंडिशनर अगदी पातळ चोळलं. वास बराच गेला, ताठपणा थोडाच गेला. पण कीपिंग असो की बॅटिंग, आतल्या इनरचं, म्हणजे ग्लोव्हखाली घालायच्या पातळ हातमोज्यांचं, महत्त्व माझ्या लेखी सगळ्यात जास्त आहे. ग्लोव्हमध्ये जाणारा बहुतेक घाम इनर अडवते आणि ती रोज धुता येते. दोन जोड्या ठेवायच्या आणि डाव संपला की ओली जोडी ग्लोव्हमधून लगेच काढायची. ती आत तशीच ठेवून बॅग बंद करणारे लोक ग्रुपमध्ये आहेत. नावं घेत नाही.

हेल्मेट हुंगताना सगळ्यांचं नाक आधी आतल्या पॅडिंगकडे जातं. आमच्या हेल्मेटमध्ये मुख्य गुन्हेगार निघाला हनुवटीचा पट्टा. घाम कपाळावरून, गालावरून ओघळून शेवटी तिथेच जमतो, वर दाढीचा, तोंडाचा ओलावा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर चिकट थर लागत होता. वेल्क्रोने लावलेलं पॅडिंग आणि पट्टा सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हाताने धुतले. अमोनियाचा झोंबरा वास जाईना तेव्हा शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं, मग स्वच्छ पाणी. कवचाला मात्र फक्त साबणपाणी. पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला अल्कोहोल, थिनर किंवा कडक क्लीनर लागला तर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडू शकतात, आणि डोक्याचं रक्षण करणाऱ्या वस्तूवर असला प्रयोग करू नये. हेल्मेटसोबत काय वापरू नका याची सूचना येते, ती वाचायची. ग्रिलच्या स्क्रूपाशी गंज दिसला तर तोही घामाच्या मिठाचाच.

सामायिक हेल्मेटबद्दल आणखी एक, कारण हा विषय फक्त नाकाचा नाही. घामट सामान एकाकडून दुसऱ्याकडे फिरतं तेव्हा त्यासोबत गजकर्णासारखी बुरशी आणि फोडं आणणारे स्टॅफिलोकॉकसही फिरू शकतात. कुणाच्या अंगावर उघडी जखम किंवा पुरळ असेल तर त्याने सामायिक सामान वापरू नये, आणि टॉवेल तर कुणीच कुणाचा घेऊ नये. आम्ही हेल्मेटखाली घालायच्या पातळ सुती टोप्या ज्याच्या त्याला आणायला सांगितल्या. थोडी कुरकुर झाली, पण पाळतात. जांघेत घालायचा गार्ड ज्याचा त्याने आणायचा, यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

बुटांसाठी लोक जेवढे उपाय सांगतात तेवढे दुसऱ्या कशासाठी सांगत नसतील. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे बूट पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचे. थंडीने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. प्रयोगशाळांमध्ये ते जपून ठेवायचे असतात तेव्हा उणे 80 अंशात ठेवतात. घरच्या फ्रीजरमधून काढलेला बूट पायात गरम झाला की मंडळी उठून कामाला लागतात. बांबूच्या कोळशाच्या पिशव्या त्यापेक्षा बऱ्या. सक्रिय कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि वासाचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. पण ओल्या बुटात त्या टाकल्या तर उपयोग नाही, कारण मूळ कारखाना चालूच राहतो.

बुटात काम केलं ते सगळ्यात कंटाळवाण्या उपायाने: इनसोल, म्हणजे बुटातली तळव्याखालची सुटी गादी, बाहेर. बहुतेक लोक इनसोल निघतो हेच विसरून गेलेले असतात. आमच्या एका स्पाइक्सच्या (तळाला खिळे असलेल्या) बुटातून तो निघाला तेव्हा खाली टाचेच्या जागी काळपट ओलसर डाग होता, आणि भाचीचा आंबट ढीग तिथे सुरू होत होता. इनसोल आणि नाड्या डिटर्जंटने धुतल्या, बूट आतून ब्रशने घासला, आणि सगळं वेगवेगळं सुकवलं. पूर्ण सुकल्यावर सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झटकला. हा क्रम महत्त्वाचा आहे. ओल्या बुटात सोड्याचा लगदा होतो आणि शिवणीत अडकून बसतो. गरम हवेच्या ड्रायरमध्ये किंवा हीटरला टेकवून बूट ठेवू नयेत, मिडसोलचा, म्हणजे तळाच्या मधल्या थराचा, ईव्हीए फोम आकसतो आणि सोलचा गोंद सुटतो. उन्हाचंही तसंच. ऊन वरच्या पृष्ठभागापुरतं जिवाणूंना मारतं, बुटाच्या टोकापर्यंत ते पोचतच नाही, आणि दिवस-दिवस उन्हात टाकलेलं रबर आणि चामडं म्हातारं होतं. तासभर ऊन, मग सावली आणि वारा. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे साधा टेबल फॅन.

पॅडचा कुबटपणा पट्ट्यांतून येत होता. पॅडची पुढची बाजू पुसली जाते, गुडघ्यामागे आणि पोटरीवर घासणाऱ्या पट्ट्यांकडे कुणी बघत नाही. जुन्या टूथब्रशने साबण लावून त्या घासल्या, वेल्क्रोतलं गवत आणि धागे पिनेने उपसले. बाकी पॅड पुसून उभे टेकवून ठेवले.

हे सगळं झाल्यावरही बॅगेला वास होताच. रिकाम्या बॅगेला! तळाशी कडकपणासाठी कापडाच्या कप्प्यात एक पुठ्ठ्याची फळी सरकवलेली असते. ती बाहेर ओढली तर फुगून तिचे थर सुटलेले, खालच्या बाजूने काळे ठिपके. कधीतरी ओल्या मैदानावर बॅग ठेवली असणार, त्या फळीने पाणी पिऊन ठेवलं आणि वर आलेल्या प्रत्येक वस्तूला थोडं थोडं वाटलं. बाकीचं सामान कितीही धुतलं असतं तरी या फळीवर आठवडाभर पडून ते परत कुबट झालं असतं. ती टाकून दिली आणि त्या मापाचा प्लास्टिकचा पातळ पत्रा कापून घातला. बॅग आतून साबणाने घासून, चेन पूर्ण उघडी ठेवून उलटी टांगली. खालच्या कडेच्या शिवणी सुकायला सगळ्यात जास्त वेळ घेतात, तिथे बोट दाबून बघावं.

आता मॅचहून आल्यावर आधी बॅग रिकामी होते आणि मग मी आंघोळीला जातो. गाडीच्या डिकीत ती रात्रभर राहू देत नाही. बूट वेगळ्या पिशवीत, ग्लोव्हज बॅगेच्या बाहेर क्लिपला, ओले कपडे कधीच आत नाहीत. डिओची बाटली कुणीतरी अजून बाजूच्या कप्प्यात ठेवतं, मी ती दर वेळी काढून परत करतो.

एका थायपॅडपुढे, म्हणजे मांडीला बांधायच्या पॅडपुढे, मात्र माझं काही चाललं नाही. त्याचं वरचं आवरण शिवणीशी फाटलंय आणि घाम थेट आतल्या स्पंजमध्ये मुरलाय. पुसलं, सोडा टाकला, पंख्याखाली ठेवलं की ठीक वाटतं, आणि पुढच्या खेळीत अंगाची ऊब लागली की पुन्हा तेच. असा स्पंज एकदा घाम प्यायला की तो फेकणंच शहाणपणाचं. पण ते थायपॅड बांधून आमच्या सलामीवीराने त्याचं एकुलतं एक शतक केलंय, आणि तो ते टाकायला तयार नाही. नवं आवरण शिवून घेतो म्हणालाय. तोवर ते जाळीच्या पिशवीत, बॅगेच्या बाहेर, त्याच्याच गाडीतून येतं-जातं.